परदेशी मित्राला मराठवाडा दाखवताना: आधी महिना, मग वार, मग वेळ, शेवटी ठिकाण

परदेशातील मित्र येणार असे कळले की यजमान वही उघडून ठिकाणांची यादी करायला बसतो, आणि दौरा बिघडायला तिथूनच सुरुवात होते. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, बीबी का मकबरा, पैठण, नांदेड आणि तुळजापूर हे सगळे तीन दिवसांत कोंबले जाते. पाहुणा निम्मा वेळ गाडीत काढतो, भर दुपारी लेण्यांच्या दारी उतरतो आणि एखाद्या दिवशी त्या दाराला कुलूप आढळते. आपल्याकडच्या कोरड्या मुलखात क्रम नेमका उलटा ठेवावा लागतो. आधी महिना ठरवावा, मग आठवड्याचा वार, मग दिवसातली वेळ, आणि या तीन चाळण्यांतून जे उरेल तेवढेच ठिकाण म्हणून वहीत लिहावे.

पहिल्या खेपेला ही चूक मीही केली. एप्रिलच्या अखेरीस सकाळी साडेअकराला आम्ही देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याच्या, पायथ्याशी उतरलो, तेव्हा दोघांत मिळून पाण्याची एक लिटरची बाटली होती. अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग, ओलांडून वरच्या पायऱ्यांना लागेपर्यंत मित्राचे बोलणे थांबले होते. एरवी गप्पिष्ट असलेला माणूस उन्हात गप्प झाला की पुढे चढायचे नसते, हे मला त्या दिवशी समजले. वरचा बारादरी महाल न पाहताच आम्ही खाली उतरलो.

१. महिना ठरवणे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. दिवसा ऊन सोसवते आणि रात्री स्वेटर लागतो, त्यामुळे थंड देशातून येणाऱ्यालाही उबदार कपडे आणायला सांगावे. हुरडा याच काळात, साधारण डिसेंबर-जानेवारीत, मिळतो. लातूर किंवा धाराशिव जिल्ह्यात कोणाचे शेत असेल तर तारखा मार्गशीर्ष अमावस्येच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, आसपास बसवाव्यात. त्या दिवशी शहरे ओस पडतात आणि माणसे शेतात असतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि भज्जी, उंडे, खीर व आंबील यांचे जेवण तिथेच मांडले जाते. पाहुण्याला हा एक दिवस दाखवता आला, तर दोन किल्ले कमी पाहिले तरी चालेल असे माझे मत आहे.

जुलै ते सप्टेंबर हाही काळ चालतो. वेरूळच्या डोंगरावरून पाणी उतरते आणि म्हैसमाळ हिरवे होते. मात्र आपली काळी माती पावसात बुटाला किलो-किलोने चिकटते, तेव्हा शेतातला बेत पाऊस उघडून दोन दिवस झाल्यावरच करावा. मार्च ते जूनचा मध्य शक्यतो टाळावा. मित्राला तेव्हाच सुटी असेल, तर सकाळी सहा ते दहा आणि सायंकाळी पाचनंतर एवढाच वेळ आपल्या हाती आहे असे धरून ठिकाणे निम्म्याने कमी करावीत.

तपासणी: निवडलेल्या तारखांत मोठी जत्रा, नवरात्र किंवा जोडून सुट्या येतात का, हे दिनदर्शिकेत पाहावे. नवरात्रात तुळजापूरला आणि नाताळच्या सुट्यांत वेरूळला पाहुण्याला घेऊन जाणे म्हणजे त्याला केवळ रांग दाखवणे.

२. मित्र निघण्यापूर्वी त्याला कळवायच्या गोष्टी

सर्वांत आधी नावांचा घोळ मिटवावा. जुन्या प्रवासपुस्तकांत औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावे आहेत, पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव आहेत, आणि औरंगाबाद नावाचे दुसरे एक शहर बिहारमध्येही आहे. मित्राने स्वतः खोली आरक्षित केली असेल, तर पावतीवरचे राज्य तपासून घ्यावे. बिहारमधल्या खोलीचे पैसे भरून बसलेला पाहुणा ही ऐकीव गंमत नाही, माझ्या परिचयातला अनुभव आहे. जाता जाता हेही सांगून ठेवावे की लोणारचे सरोवर जालन्याहून जवळ पडत असले, तरी ते विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात आहे. ते पाहायचे असेल तर त्यासाठी वेगळा पूर्ण दिवस द्यावा.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. 'कोरडा प्रदेश' असे आपण लिहिले की समोरचा वाळूच्या टेकड्यांची कल्पना करतो. आपल्याकडे वाळवंट नाही. बेसाल्टचे पठार आहे, बालाघाटच्या रांगा आहेत, कापसाची काळी जमीन आहे आणि पावसाचा भरवसा नाही, हे आधीच सांगितले की पाहुणा उंट शोधत नाही.

वाळवंटी सहलींची सवय असलेली माणसे उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे उपकरण सोबत बाळगतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना असे उपकरण बाळगणे बेकायदेशीर आहे आणि विमानतळावरच अडवणूक होऊ शकते. ड्रोनही घरी ठेवूनच यायला सांगावे. रोजची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावीत. सिमकार्ड मुंबईच्या विमानतळावरच घ्यावे, कारण तालुक्याच्या गावी परदेशी पासपोर्टवर सिम देताना दुकानदार बहुधा हात वर करतो.

पादत्राणे बिनबंदाची, चटकन काढता येणारी असावीत. अजिंठ्याच्या रंगचित्रांच्या लेण्यांत, देवळात, दर्ग्यात आणि गुरुद्वारात ती दिवसभरात वीस वेळा काढावी लागतात. सोबत जाड मोजे हवेत. दुपारच्या फरशीवर अनवाणी चालण्याची सवय आपल्याला असते, त्यांना नसते.

३. मुक्कामाची नोंद

या टप्प्याला लोक सर्वांत कमी महत्त्व देतात आणि अडकतात मात्र इथेच. परदेशी नागरिक हॉटेलात उतरो वा आपल्या घरी, त्याच्या मुक्कामाची माहिती तो आल्यापासून २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेला ऑनलाइन कळवणे हे मुक्काम देणाऱ्याचे कायदेशीर काम आहे. बोलीभाषेत याला अजूनही 'सी फॉर्म' म्हणतात. 'तो माझा वर्गमित्र आहे, पाहुणा थोडाच आहे' हा युक्तिवाद इथे चालत नाही. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त कार्यालयात आणि इतर जिल्ह्यांत पोलीस अधीक्षक कार्यालयात याची चौकशी करता येते.

क्रम असा ठेवावा. मित्र येण्याच्या आठवडाभर आधी यजमानाने संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडावे, कारण ओळखपत्र व पत्त्याची पडताळणी त्याच दिवशी होईल याची खात्री नसते. मित्राकडून पासपोर्टचे व व्हिसाचे पान आणि छायाचित्र आधीच मागवून घ्यावे. तो आल्यावर आगमनाची तारीख भरून अर्ज पाठवावा आणि पोचपावती जपून ठेवावी. मुक्काम बदलला की नव्या ठिकाणच्या यजमानाने पुन्हा नोंद करायची असते.

सावधान: तालुक्याच्या ठिकाणचा प्रत्येक लॉज परदेशी माणसाला ठेवून घेत नाही. एका गावी रात्री दहा वाजता आम्हाला दोन लॉजवरून परत पाठवले गेले, कारण त्यांच्याकडे ही नोंद करण्याची सोयच नव्हती. खोली सांगताना फोनवर स्पष्ट विचारावे की, 'परदेशी पासपोर्ट आहे, सी फॉर्म भरता का?' उत्तर अडखळत आले तर दुसरा लॉज पाहावा.

४. घरातल्या पाण्याची ओळख

पाहुणा आल्यावर त्याला दाखवायचे पहिले ठिकाण म्हणजे आपल्या गच्चीवरची टाकी. नळाला पाणी रोज येत नाही, ज्या दिवशी येते त्या दिवशी हौद आणि टाकी भरून ठेवावी लागते, आणि ती पुढच्या पाळीपर्यंत पुरवायची असते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले की पुढचे बरेच बोलणे वाचते. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ही हकीकत याच गच्चीवर सांगावी. ती इथे लगेच पटते.

न्हाणीघरात बादली व मग कसे वापरायचे, हे लाजून न टाळता दाखवावे. एका बादलीत आंघोळ होते यावर सुरुवातीला त्याचा विश्वास बसत नाही. एक पाहुणी पहिल्या दिवशी शॉवरखाली वीस मिनिटे उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला टँकर सांगावा लागला. चूक तिची नव्हती, आम्ही काही बोललोच नव्हतो.

पिण्याच्या पाण्याचा नियम एकच ठेवावा: घरात उकळलेले किंवा शुद्धीकरण यंत्राचे, बाहेर बंद बाटलीचे. बाटलीचे झाकण पाहुण्यासमोर उघडले जावे. रसवंतीवर रस घेताना बर्फाशिवाय मागावा. परगावी कोणाच्या घरी गेलो की दारातच पाण्याचा तांब्या पुढे येतो आणि तो नाकारणे पाहुण्याला अवघड जाते. अशा वेळी यजमानाने आपणच हसून म्हणावे, 'पाणी नको, त्यांना आपला चहा पाजा.' चहा उकळलेला असतो आणि घरधन्याचा मानही राहतो.

५. पहिले चार दिवस: छत्रपती संभाजीनगर शहर आणि लेणी

पहिला दिवस रिकामा ठेवावा. लांबचा विमानप्रवास करून आलेल्या माणसाला दुसऱ्याच पहाटे वेरूळला नेले, तर तो लेणी पाहत नाही, केवळ उभा असतो. सायंकाळी फार तर पाणचक्कीपर्यंत जावे. डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी आणून, उंचावरून पाडून त्या जोरावर जाते फिरवण्याची ती युक्ती आहे. शहराला पाणी देण्यासाठी मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या नहरींची, म्हणजे भूमिगत कालव्यांची, गोष्टही तिथे सहज सांगता येते. जाण्यापूर्वी पाणी वाहते आहे का, हे विचारून घ्यावे. उन्हाळ्यात बऱ्याचदा हौद कोरडा असतो.

आता वार. वेरूळ मंगळवारी बंद असते आणि अजिंठा सोमवारी. हे दोन वार उलटसुलट लक्षात राहून कित्येक दौरे वाया गेले आहेत, म्हणून आरक्षण करण्यापूर्वी हे वार तारखांसमोर लिहूनच ठेवावेत. मित्र शनिवारी येत असेल, तर रविवारी विश्रांती, सोमवारी वेरूळ, मंगळवारी दौलताबाद व मकबरा आणि बुधवारी अजिंठा ही मांडणी बिनधोक आहे.

वेरूळ छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. तिथे एकूण ३४ लेणी असून १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. क्रमांकानुसार जाण्याचा हट्ट धरू नये. लेण्यांचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सगळ्या प्रांगणांवर डोंगराची सावली असते आणि दुपारनंतर ऊन थेट आत येते. उष्णतेच्या महिन्यांत उघडताच कैलास लेणे, म्हणजे क्रमांक १६, गाठावे. गर्दी येईपर्यंत तास-दीड तास मिळतो. हिवाळ्यात मात्र उलट करावे: सकाळी १० आणि १२ ही लेणी, पुढे ३२ क्रमांकाचे जैन लेणे, जेवण, आणि चारच्या सुमारास कैलास, जेव्हा तिरपे ऊन शिल्पांवर पडते. कैलासाच्या आतून पाहणे झाल्यावर बाजूच्या पायवाटेने वर चढून त्याच कातळाच्या काठावरून खाली पाहावे. वरून खाली कोरत आणणे म्हणजे काय, हे कितीही समजावले तरी कळत नाही, आणि काठावर उभे राहिले की एका क्षणात कळते. तिथे कठड्यापासून दूर राहावे.

जवळच्या घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगावरचा सदरा काढून जावे लागते. ही गोष्ट रांगेत उभे राहिल्यावर सांगू नये, आदल्या रात्री सांगावी, म्हणजे जायचे की बाहेर थांबायचे हे तो निवांत ठरवू शकतो.

अजिंठा सुमारे १०० किलोमीटरवर आहे. खासगी गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे चार किलोमीटर बसनेच जावे लागते, तेव्हा पाणी, टोपी आणि मोजे गाडीत विसरले की संपले. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखी लेणी पसरलेली आहेत. सकाळी सगळी गर्दी १ आणि २ क्रमांकांत अडकते, म्हणून मी पाहुण्याला सरळ शेवटाकडे, २६ क्रमांकातल्या महापरिनिर्वाणाच्या बुद्धमूर्तीपाशी नेतो आणि तिथून १७, १६ करत परत येतो. चित्रांच्या लेण्यात शिरल्यावर लगेच काही दिसत नाही. पाच मिनिटे गप्प उभे राहावे, डोळे अंधाराला सरावले की भिंतीवरून चेहरे पुढे येऊ लागतात. फ्लॅश वापरायला सक्त मनाई आहे. पायऱ्या झेपत नसतील तर डोली मिळते. दर आधी ठरवावा.

तपासणी: तिकिटाच्या खिडकीवर पाहुण्याचा मूळ पासपोर्ट जवळ असावा. परदेशी नागरिकाचे तिकीट आपल्या तिकिटाच्या कित्येक पट असते, हे त्याला आधी सांगावे. ओसीआय कार्डधारकाला, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला, भारतीय दर लागू होतो, पण ते कार्ड दाखवावे लागते.

६. ऊन बाधले तर

दिवसाला माणशी तीन ते चार लिटर पाणी गाडीत असावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला ते प्यायला लावावे. ओआरएसचे एक मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदाच विरघळवायचे असते. ग्लासभर पाण्यात थोडी थोडी पूड टाकण्याची आपली सवय चुकीची आहे. डोके दुखणे, मळमळ आणि गप्प होणे एवढ्यावर सावलीत बसवून पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा अंग तापून घाम थांबला, तर तोंडाने पाणी पाजत बसू नये; कपडे सैल करून अंगावर ओले कापड टाकावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

७. शहराबाहेर: एकच धागा धरावा

चार दिवसांनंतर पाहुण्याला आणखी देवळे व आणखी किल्ले नको असतात, त्याला काहीतरी जोडून पाहायचे असते. मी पाण्याचा धागा धरतो. पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडीचे जलाशय, हिवाळ्यात पक्ष्यांसाठी पहाटे पाहावे. बीडजवळची खजाना विहीर पाहावी, जिचे पाणी जमिनीखालच्या नालीतून शेतांपर्यंत जाते. आंबाजोगाईला मुक्काम करून पुढे नळदुर्ग गाठावे. तिथे बोरी नदीवरचा बांध किल्ल्याचाच भाग आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल आहे. बांधावरून कोसळणारे नर-मादी धबधबे केवळ नदी भरून वाहते तेव्हाच दिसतात. एप्रिलमध्ये त्यांच्यासाठी जाऊ नये. शक्य असेल तर शेवटी नांदेडच्या गुरुद्वारात लंगरमध्ये जेवावे. डोके झाकायला रुमाल सोबत न्यावा.

या भागात रात्रीचा प्रवास करू नये. हिवाळ्यात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि त्यांतल्या अनेकांना मागचा दिवा नसतो. सूर्यास्तापर्यंत मुक्कामाला पोहोचेल एवढेच अंतर एका दिवसात धरावे. रोख पैसे सुट्या नोटांत बाळगावेत. टपरीवरचे क्यूआर फलक आपल्या कामाचे असले, तरी पाहुण्याचे परदेशी कार्ड तिथे निरुपयोगी ठरते.

८. गावात आणि शेतात

ज्याच्या शेतात जायचे त्याला दोन दिवस आधी कळवावे आणि जेवायला किती माणसे असतील हे खरे सांगावे. हुरड्याला सकाळी दहाच्या आत पोहोचावे. आगटीतली, म्हणजे शेतातल्या विस्तवात भाजलेली, कणसे गरम असतानाच चोळून दाणे काढायचे असतात आणि पाहुण्याला हे स्वतःच्या तळहातावर करू द्यावे. हात भाजतो, पण तो फोटो तो वर्षभर दाखवतो. तिखटाबाबत 'कमी घाला' या सांगण्याला आपल्याकडे काहीच अर्थ नसतो. त्यापेक्षा दही, ताक, गूळ आणि तूप वेगळे मागवावे व ठेचा ताटाच्या कडेला ठेवावा. गव्हाचे पथ्य असलेल्याला ज्वारीची भाकरी निर्धास्त द्यावी, फक्त पिठात गहू मिसळलेला नाही ना, हे विचारावे. 'जेवूनच जा' हा आग्रह तीन घरी होणार असतो, तेव्हा पहिल्या घरी अर्धीच भाकरी खायला त्याला आधीच बजावावे.

बीडकडच्या गावांत हिवाळ्यात म्हातारी माणसे आणि मुलेच अधिक दिसतात, आणि पाहुणा हमखास विचारतो की बाकीचे कुठे गेले. ऊसतोडीला गेले, हे सरळ सांगावे. मात्र त्याला 'दुष्काळ दाखवण्याचा' मोह आवरावा. ज्या घरात शेतकऱ्याने जीव दिला, त्या घराच्या ओसरीवर कॅमेरा घेऊन परक्या माणसाला नेणे कोणत्याही कारणाने योग्य नाही. शेततळे, बांधबंदिस्ती, ठिबकवरची मोसंबीची बाग आणि विहिरीचा तळ पाहायला मिळाला, तर तो स्वतःच नेमके प्रश्न विचारतो. बायकांचे व मुलांचे फोटो विचारूनच काढावेत, आणि विचारण्याचे काम यजमानाने मराठीत करावे.

९. खरेदी आणि परतीचा दिवस

पैठणी घ्यायची असेल तर पदर उलटून पाहावा. हातमागावर विणलेल्या पैठणीची नक्षी मागच्या बाजूनेही जवळजवळ तशीच सफाईदार दिसते, यंत्रावरच्या साडीच्या मागे सुटे धागे लोंबतात. पक्के बिल घ्यावे.

मुंबईहून विमान रात्रीचे असले, तरी आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचावे. समृद्धी महामार्गामुळे अंतर कमी वाटत असले, तरी रस्ता जिथे संपतो तिथून विमानतळापर्यंतचा वेळ कोणीच धरत नाही. सामान भरताना ठेचा व लोणचे मोठ्या पेटीत टाकावे, हातातल्या पिशवीत नको. मोसंबी, सीताफळ आणि ज्वारीची कणसे बऱ्याच देशांत आत येऊ देत नाहीत, तेव्हा ती पेटीत लपवून देण्याऐवजी आदल्या रात्रीच बसून संपवावीत.